दोन भोकांचं झाकण

गाडी बंद पडली की बाकीचे मिस्त्री बॉनेट उघडतात. आमचा मिस्त्री आधी मागे जायचा. पेट्रोलच्या टाकीपाशी उकिडवा बसायचा, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा, झाकणाला कान लावायचा आणि ते अगदी हळू, अर्धा फेरा फिरवायचा. आतून ‘स्स्’ असा आवाज आला की त्याचा चेहरा खुलायचा. “आधी झाकण, भिया, मग बाकी,” तो म्हणायचा. “वैद्यानं नाडी बघावी. आपण आधी श्वास बघायचा.”

त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्याच्या तोंडावर खोटं बोललो त्याचं नाव कागदावर मिरवायचा मला काय हक्क? तुम्हीही त्याला मिस्त्रीच म्हणा. देवासात सगळे तेच म्हणत.

त्याचे पणजोबा फौजेबरोबर तोफा ओढत माळव्यात आले होते. आजोबा तोफखान्यात, बाप बग्गीखान्यात आणि हा मोटारखान्यात. देवासात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यातल्या एका पातीच्या मोटारखान्यात तो मिस्त्री आणि मी कारकून. त्याच्या खाकी कोटाला संस्थानचा शिक्का असलेली पितळी बटणं होती. संस्थान विलीन झालं तेव्हा त्यानं कानस घेऊन एकेका बटणावरचा शिक्का घासून काढला आणि कोट पुन्हा अंगात चढवला. मी हसलो तर म्हणाला, “राज गेलं म्हणून छाती उघडी ठेवू का?”

त्याची भाषा म्हणजे खिचडी. घरात जुनी मराठी, गल्लीत माळवी, गाडीशी बोलताना दोन्ही. मला म्हणायचा ‘भिया’, म्हणजे भाऊ. दुपारची भाकरी फडक्यात बांधून इंजिनावर ठेवायचा आणि ती गरम झाली की घासलेट लावून, राखेनं घासून, साबणानं धुऊन हात तीनदा साफ करायचा. एवढं करूनही भाकरीला इंजिनाचा वास यायचाच. त्याला तो येत नसे. मला मात्र नाक फार. हे नाकच पुढे नडलं.

संस्थानच्या गाड्या विकल्या गेल्या तेव्हाची गोष्ट. इंदूरचा एक व्यापारी मोठ्या डौलात एक उघडी टूरर मोटार घेऊन निघाला आणि टेकडीच्या पायथ्याशीच गाडी बसली. त्यानं आणलेल्या दोन कारागिरांनी निम्मं इंजिन रस्त्यावर मांडलं. मिस्त्री पायीच गेला, मागे उकिडवा बसला आणि झाकण काढून सगळ्यांना दाखवलं. झाकणाच्या मधोमध सुईएवढं भोक असतं, त्यात कुंभारीण माशीनं चिखलाचं घर बांधलं होतं. “बाईनं घर बांधलंय, आता तुमच्या गाडीनं दम कुठून घ्यायचा?” त्यानं काडीनं चिखल काढला, गाडी सुरू झाली. व्यापारी बघतच राहिला.

मला समजावं म्हणून त्यानं एकदा गोडेतेलाचा डबा आणला आणि वर एकच भोक पाडून माझ्या हातात दिला. तेल गुळुक गुळुक करत अडलं. मग दुसरं भोक पाडलं, तेलाची धार लागली. “टाकीचंही हेच. पेट्रोल जेवढं खाली जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे. नाही आली तर टाकी पेट्रोल ओढून धरते, सोडत नाही. इंजिन बिचारं उपाशी मरतं.” इतकं सोपं होतं ते. म्हणजे मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोयही मला नाही.

मोटारखाना बंद झाल्यावर आम्हा दोघांना बापूसाहेबांनी ठेवून घेतलं. हे जुने मानकरी. जहागीर गेली, तेव्हा दरबारची एक म्हातारी मोटार त्यांनी घेतली आणि प्रवासी नेणारी गाडी करायची ठरवलं. मिस्त्रीनं मागचा सगळा भाग कापला, सुतारानं त्यावर लाकडी बाकं आणि छप्पर चढवलं. मूळची टाकी बाकांच्या आड येत होती. मिस्त्रीनं नवी, मोठी टाकी स्वतः ठोकून तयार केली आणि मागच्या बाकाखाली बसवली. झाकण तांबटाकडून पितळेचं घडवून घेतलं आणि त्याचं भोक स्वतः पाडलं. त्या दिवशी त्यानं बायकोला सांगून शिरा करवला होता. आम्हा दोघांची पोटं त्या गाडीवर होती, पण त्याची अब्रूही तिच्यावर होती, कारण देवासात सगळे म्हणत होते की घोड्याचं गाढव केलंय.

गाडी उत्तम चालायची. एकच खोट होती. खराब रस्त्यावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळायचं आणि झाकणाच्या भोकातून थेंब थेंब बाहेर यायचं, मागच्या बाकाखालीच. मिस्त्रीला उपाय ठाऊक होता. भोकाच्या जागी तांब्याची बारीक नळी बसवायची आणि ती वाकवून गाडीबाहेर काढायची. “इंदूरहून हातभर नळी आणा, भिया. तोवर भोकाला हात लावू नका.” मी दर आठवड्याला इंदूरला जायचो आणि दर आठवड्याला विसरायचो. विसरायचो कसला, कंटाळा करायचो. नळीचं दुकान बस अड्ड्यापासून लांब होतं.

अशात सोमवती अमावस्या आली. बापूसाहेबांच्या आईसाहेब कडक सोवळ्याच्या. नर्मदेवर नेमावरला पर्वकाळात स्नान करायचं आणि मैयाची ओटी भरायची, हे त्यांनी कित्येक वर्षांपासून मनात धरलेलं. आदल्या दिवशी त्यांनी गाडी पाहिली आणि मागच्या बाकापाशी नाकाला पदर लावला. सोवळ्याची पेटी आणि ओटीचं खण-नारळ तिथेच ठेवायचं होतं. मला म्हणाल्या, “मैयाला पेट्रोलचं लुगडं नेसवू का रे? काहीतरी कर.”

मिस्त्री गावात नव्हता. धारला लेकीच्या घरी बारसं होतं, तिथे गेला होता. त्याला विचारता आलं असतं तर! पण खरं सांगतो, त्या क्षणी मला त्याची अडचणच वाटली असती. तो वास मलाही सोसवत नव्हता आणि मला आईसाहेबांकडून ‘हुशार आहेस हो’ ऐकायचं होतं. एकदा रस्त्यात टाकी गळत होती तेव्हा मिस्त्रीनं धुण्याचा साबण मळून त्या चिरेत भरलेला मी पाहिला होता. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. झालं. मी साबणाचा तुकडा मळला, झाकणाच्या भोकात अंगठ्यानं दाबून भरला, वरून पुसलं. वास गेला. आईसाहेब म्हणाल्या, “हुशार आहेस हो.”

पहाटे निघालो. गाडी चालवायला बदलीचा ड्रायव्हर होता. चार-पाच मैलांवर गाडी आचके देत थांबली. अर्धा तास बसली, मग आपोआप सुरू झाली, पुन्हा तीन मैलांवर थांबली. चैत्राचं ऊन. ड्रायव्हरनं इंजिनावर ओली फडकी टाकली, नळ्या फुंकल्या, गाडीच्या मूळ मालकापर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या. कन्नोद येईपर्यंत सूर्य डोक्यावर आला. तिथे पेट्रोल घालायला त्यानं झाकण फिरवलं आणि टाकीनं एवढा लांब ‘स्स्स्’ केला की मागे बसलेल्या आईसाहेब दचकल्या.  गाडी का थांबते ते मला तिथेच, त्या आवाजात कळलं. साबणानं टाकीचा दम कोंडला होता, कडेनं झिरपेल तेवढ्याच हवेवर ती तीन-तीन मैल चालत होती.

मी काय केलं असेल? “झाकण द्या, पुसतो,” म्हणून घेतलं, गाडीच्या आड गेलो आणि टाचणीनं साबण कोरून काढला. भोक लख्ख झालं. पुढे नेमावरपर्यंत गाडी एकदाही थांबली नाही. पण आम्ही घाटावर पोचलो तेव्हा अमावस्या संपून तास होऊन गेला होता. आईसाहेबांनी तरीही स्नान केलं, ओटी भरली. कुणाला एक शब्द बोलल्या नाहीत. परत येताना सगळी वाट त्या बाहेर बघत होत्या.

बोलले ते बापूसाहेब. मिस्त्री धारहून आला तसा त्याला अंगणात उभा केला. चांगली गाडी कापून सत्यानाश केला, टाकी हलवायची अक्कल कुणी शिकवली, आईच्या जन्माचं पुण्य बुडवलं, सगळं बोलले. मिस्त्री टोपी हातात धरून ऐकत होता. बापूसाहेबांचा दम संपल्यावर तो गाडीपाशी गेला, उकिडवा बसला, झाकण काढलं आणि उजेडाकडे धरलं. भोकातून आरपार दिसत होतं. मग त्यानं मान वळवून मला विचारलं.

“झाकणाला कुणी हात लावला होता का, भिया?”

अंगणात बापूसाहेब होते, दारात आईसाहेब होत्या. 

“नाही,” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मला वाटलं, आता मला खोटा म्हणेल. “तुम्ही नाही म्हणता म्हणजे नाही,” तो म्हणाला आणि बापूसाहेबांपुढे जाऊन हात जोडले. “मग चूक माझीच, सरकार. भोक लहान पडलं असेल.”

त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. तो बायकोला आणि हत्यारांच्या पेटीला घेऊन लेकीच्या आधारानं धारला गेला. बटणं घासलेला तोच कोट अंगात होता. मी अड्ड्यावर पोचवायलासुद्धा गेलो नाही. ती गाडी पुढे दोन वर्षं चालली, आणि मी तांब्याची नळी आणून बसवली होती. हो, नंतर आणली.

पुढे मला सरकारी कचेरीत नोकरी लागली आणि काही वर्षांनी बदली धारला झाली. मिस्त्रीचं दुकान इंदूर नाक्यावर आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी रोज दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागलो. माझी पक्की समजूत होती की त्याला सगळं माहीत आहे. त्यानं त्या दिवशी माझ्याकडे जे पाहिलं, त्यात त्यानं मला ओळखलं आणि तरी पाठीशी घातलं. अशा माणसासमोर कुठल्या तोंडानं जाणार? आज जाऊ, दिवाळीला जाऊ, असं करता करता एका पावसाळ्यात तो गेल्याचं कळलं. त्याच्या दारी जाऊन मी दहा मिनिटं बसून आलो. त्याच्या बायकोनं मला चहा दिला आणि विचारलं, “नेमावरला जाताना गाडी थांबली, तेव्हा तुम्हीच होतात ना बरोबर?” मी मान हलवली. चहा संपवला आणि उठलो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी कचेरीच्या कामाला सरदारपूरला निघालो होतो. बस जुनीच, कुठल्यातरी लष्करी ट्रकावर बॉडी चढवलेली. वाटेत आचके देऊन थांबली. ड्रायव्हर उतरला, बॉनेटकडे गेलाच नाही. मागे येऊन टाकीपाशी उकिडवा बसला, डोक्याचं फडकं सोडून गुडघ्यावर ठेवलं आणि झाकणाला कान लावला. मी बसमधून उतरून त्याच्यापाशी गेलो.

“किससे सीखा?” मी विचारलं.

“उस्ताद से. धार वाले मिस्त्री.” त्यानं झाकण काढून फुंकर मारली, धूळ उडाली. झाकणाला दोन भोकं होती, एक मधोमध आणि एक कडेला. माझी नजर तिथेच अडकलेली पाहून तो हसला. “सब पूछते हैं, बाबूजी. उस्ताद हर ढक्कन में दो करते थे. केते थे, एक छेद गाड़ी का, दूसरा मेरी भूल का. देवास में उनसे एक गाड़ी बिगड़ी थी, किसी माई का नहान चूक गया था. फिर कभी एक छेद पे भरोसा नहीं किया.”

म्हणजे त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं मला ओळखलं नव्हतं, पाठीशीही घातलं नव्हतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि स्वतःच्या हातावरचा काढून घेतला होता. मी त्याची नोकरी घेतली असं इतकी वर्षं समजत होतो. ती त्याला दुसरी मिळाली असती, मिळालीच. जे मी घेतलं ते त्याला पुन्हा मिळालं नाही. मरेपर्यंत तो पोरांना आपली न केलेली चूक शिकवत राहिला.

मी त्या ड्रायव्हरला सगळं सांगितलं. साबण, टाचणी, अंगणातलं ‘नाही’. आयुष्यात पहिल्यांदा, आणि एका अनोळखी माणसाला, भर रस्त्यात. तो झाकण हातात धरून ऐकत राहिला. बसमधले लोक खोळंबले होते.

“तो फिर ये दूसरा छेद बंद कर दो,” मी म्हणालो. “उनकी कोई भूल नहीं थी.”

त्यानं झाकण टाकीवर बसवलं. मग फडकं डोक्याला बांधलं.

“उस्ताद का किया हुआ है, बाबूजी. मैं कौन बंद करने वाला.”

बस सुरू झाली. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. रस्ता खराब होता, टाकी हिंदकळत होती आणि पेट्रोलचा वास सरदारपूरपर्यंत येत राहिला. मी नाकाला रुमाल लावला नाही.