निर्दोष बाईला जागा नाही

कातुमी निर्दोष आहे हे सिद्ध झालं आणि आमची पंचाईत झाली.

ती माझी शेजारीण. आमचं गाव घानाच्या उत्तरेला, टामालेपासून मोटारीने अडीच तास. उंच, हाडापेराने मजबूत बाई, आणि आवाज असा की हापशावर बोलली तर मशिदीत ऐकू यावं. शिया नावाच्या झाडाच्या बियांचं लोणी काढायची. भाजायच्या, कुटायच्या, मग कोपरापर्यंत हात घालून मळत बसायचं. पण तिच्या लोण्याला धुराचा वास कधी आला नाही. चार मुली तिने याच लोण्यावर वाढवल्या आणि उजवल्या. नवरा होता, पण तो बहुतेक झाडाखाली असायचा.

तो वारला तेव्हा कातुमी पन्नाशीला आलेली. आमच्याकडे विधवेने दिराच्या घरात जायचं असतं. दीर नपारी. त्याला आधीच दोन बायका होत्या आणि दोघींनाही तो नको होता. दुःखाचे दिवस संपल्यावर वडीलधारी मंडळी बसली, नपारीने रीतसर मागणी घातली. कातुमी म्हणाली, "एक पुरुष मी म्हातारा होईपर्यंत सांभाळला. दुसरा लहानाचा मोठा करायची ताकद आता माझ्यात नाही."

मागे बसलेल्या बायका हसल्या. नकार नपारीने एक वेळ गिळला असता. हसू त्याच्या घशात अडकलं.

आठवड्याभरात त्याला स्वप्न पडलं. स्वप्नात कातुमी गिनी कोंबडीवर बसून त्याच्या मागे लागली होती. गिनी कोंबडी म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा एवढासा घाबरट पक्षी. मी पस्तीस वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे राहवलं नाही. कातुमी तिच्यावर मावली कशी, असं विचारलं. नपारी म्हणाला, "मॅडम, हेच तर चेटूक." त्याच आठवड्यात त्याच्या मोटारसायकलची चेन तुटली, मुलाला ताप आला आणि धाकटी बायको माहेरी निघून गेली. तिन्हींचं कारण एकच निघालं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर पाच-सहा जण कातुमीच्या अंगणात शिरले. तुटलेली चेन बरोबर आणली होती. कातुमीच्या खांद्याचं हाड मोडलं, खालचे दोन दात गेले. तिचा तो आवाज सगळ्या गावाने ऐकला आणि कुणी उठलं नाही. मी टामालेला गेले होते. संध्याकाळी परतले तेव्हा ती उंबऱ्याशी बसून होती. दुसऱ्या दिवसापासून बायका सभेत मागेसुद्धा बसेनात. मार एकीला पडला, पण बसला तो सगळ्यांना. तो होताच त्यासाठी.

मी पोलिसांकडे गेले. साहेबांनी सगळं नीट लिहून घेतलं आणि विचारलं, "गिनी कोंबडी कुणाच्या मालकीची होती?"

मग उरली कड्याखालची वस्ती. गावोगावच्या हाकललेल्या सत्तर-ऐंशी बायका तिथे मातीच्या गोल झोपड्यांत राहतात. तिथल्या मातीत चेटूक विरून जातं असं सगळे मानतात. मारणारेही मानतात, म्हणून तिथे कुणी हात उगारत नाही. इस्पितळात हाड बसवून घेतलं आणि तीनचाकी मालरिक्षात गोधडी घालून कातुमीला तिकडे नेलं.

वस्ती सांभाळणारे पुजारी दौनीबाबा वाळलेल्या भेंडीसारखे बारीक आणि फार प्रामाणिक. सगळा घोटाळा त्या प्रामाणिकपणाने केला. आलेल्या प्रत्येकीसाठी ते कोंबडा कापून सोडतात. तडफडून तो चोच मातीत खुपसून पडला तर बाई चेटकीण. तिने तिथली माती कालवलेलं पाणी प्यायचं आणि राहायचं. पंख पसरून उताणा पडला तर बाई निर्दोष.

कातुमीचा कोंबडा दोन गिरक्या घेऊन उताणा पडला, रविवारी दुपारी माणूस पडतो तसा.

दौनीबाबांना मनापासून आनंद झाला. "अभिनंदन, पोरी. आता घरी जा."

"घरी मला मारून टाकतील, बाबा."

"निर्दोष बाईला कोण कशाला मारेल?"

"मग मी चेटकीण आहे. कबूल करते."

"कबूल करणाऱ्या पुष्कळ येतात," बाबा म्हणाले. "मी कोंबड्याचं ऐकतो. आणि ही जागा चेटकिणींची आहे. निर्दोष बायकांना ठेवून घेतलं, तर यांनी जायचं कुठे?"

मी त्यांच्याशी तासभर वाद घातला. माझं इंग्रजी, माझी पदवी, माझं वय, सगळं वापरलं. ते ऐकून घेत आणि उताण्या कोंबड्याकडे बोट दाखवत. तलाता म्हणून अकरा वर्षं तिथे राहिलेली एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. ती कातुमीला म्हणाली, "मीही काही केलं नव्हतं गं. पण माझा कोंबडा शहाणा होता."

नियम असा की बाई निर्दोष ठरली तर आरोप करणाऱ्याने यायचं, स्वतःच्या नावाने कोंबडा कापायला द्यायचा आणि तिला मानाने घरी न्यायचं. निरोप गेला. तिसऱ्या दिवशी नपारी आला, मोटारसायकलला नवी चेन, हँडलला लाल कोंबडा उलटा टांगलेला, मागे दोन मित्र. कातुमी त्या चेनकडेच बघत राहिली.

नपारीचा कोंबडा कापला. तो सरळ धावला आणि धाडकन तोंडावर आपटला, चोच मातीत रुतली.

मला वाटलं, सुटलो. म्हटलं, बाबा, चेटक्या सापडला, पाजा याला मातीचं पाणी. उलट मित्रांनी नपारीच्या पाठीवर थाप मारली. दौनीबाबांनी मला मठ्ठ विद्यार्थिनीला समजवावं तसं समजावलं: ही विद्या बाईकडे असली तर ती माणसं खाते, पुरुषाकडे असली तर तो गावाची राखण करतो. नपारीची छाती तिथल्या तिथे दोन बोटं फुगली. उद्यापासून सभेत पुढच्या रांगेत बसणार, म्हणाला. मग गोड आवाज काढून कातुमीकडे वळला.

"चल वहिनी. तू निर्दोष, मी ताकदवान. आपल्या घराला आता काय कमी?"

त्याने मागची सीट हाताने पुसली. कातुमी उठली. मला वाटलं, बसतेय की काय. ती दौनीबाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, कोंबडा विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो ना?"

"त्याचंच."

"तुम्ही त्याला मी कशी आहे ते विचारलंत. आता रस्त्याचं विचारा. मी याच्या मागे बसून घरी गेले, तर पुढच्या पिकापर्यंत जगेन का? जगणार असेन तर उताणा पडू दे."

नपारी म्हणाला, असले प्रश्न विचारत नाहीत. मित्र म्हणाले, कधी ऐकलं नाही. बाबांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. त्यांच्या वडिलांच्या काळात कुणी विचारलं नव्हतं, पण विचारू नये असंही कुणी सांगितलं नव्हतं. प्रामाणिक माणसाची हीच सोय. तलाताने आपला पांढरा कोंबडा आणून त्यांच्या हातात दिला.

कोंबड्यासाठी दुआ मागायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्या दिवशी मागितली, डोळे घट्ट मिटून. त्यामुळे बाबांनी तो कसा सोडला, हाताला जरा हिसका दिला की नाही, हे मला विचारू नका. डोळे उघडले तेव्हा कोंबडा तोंडावर पडला होता.

"माती म्हणते, रस्ता वाईट," बाबा म्हणाले. "बाई इथेच राहील."

"म्हणजे ती चेटकीण ठरली ना?" नपारीने विचारलं. गावात काहीतरी सांगायला हवं होतं त्याला.

"नाही. निर्दोषच आहे. फक्त घरी जाणार नाही."

तो मोकळी सीट घेऊन परत गेला. सभेत पुढच्या रांगेत बसतो अजून. कातुमी पाणी दीड मैलावरून आणते, तो खांदा अजून नीट वर होत नाही, आणि चारही मुली तिला भेटायला यायला घाबरतात. याला मी न्याय म्हणणार नाही, आणि कुणी म्हणत असेल त्याने एकदा ते पाणी आणून दाखवावं.

पण ती जिवंत आहे. नवी बाई आली की कोंबडा कापायच्या आधी तिच्याजवळ जाऊन बसते आणि काय विचारायचं ते कानात सांगते. गेल्या पावसाळ्यापर्यंत अशा नऊजणी झाल्या. दौनीबाबांना आणखी तीन झोपड्या बांधाव्या लागल्या. तलाता मात्र माझ्याकडे कुरकुरत असते, की मॅडम, निर्दोष बायकांची इथे फार गर्दी व्हायला लागलीय, बाबांना जरा सांगा.