पपईची प्लेट

आमच्या इमारतीत कुणाला दिवस गेले, की डॉक्टर, मालिशवाली आणि डिंकाचे लाडू करणारी बाई दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ठरवतात. होणाऱ्या आईचं मत त्या नंतर विचारतात. "गूगल काय बाळाले आंघोळ घालून देते का वं?" हे त्यांचं लाडकं वाक्य. ते म्हणताना त्या समोरचीच्या पोटाकडे बघतात, म्हणून मी त्यांना शक्यतो टाळायचे.

मला तिसरा महिना चालू होता. आधी एकदा गर्भ टिकला नव्हता, त्यामुळे या वेळी हा महिना सरेपर्यंत नवऱ्याशिवाय कुणालाच सांगायचं नव्हतं. अगदी आईलाही नाही.

आणि इमारतीतल्या बायकांच्या भिशीत माझ्या हातात पपईची प्लेट आली. खायची भीती वाटत होती, आणि नको म्हटलं असतं तर साऱ्यांना कळलं असतं. मी नुसती प्लेट धरून बसले.

"दे वं इकडे, मले पपई भल्ली आवडते," म्हणत काकूंनी ती ओढून घेतली. ज्यांच्या घरी भिशी होती त्या बाई खूश झाल्या आणि त्यांनी काकूंना आणखी एक प्लेट भरून दिली. काकूंनी तीही संपवली, कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करत.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "थँक्यू, काकू."

"थँक्यू काहून? वासानंच मळमळते मले." मग इकडेतिकडे बघून त्यांनी विचारलं, "डॉक्टर कोण पाहिली?"

आईच्याही आधी मी त्यांना नाव सांगितलं.

"तिच्याकडे? नाही वं, बदलून टाक," काकू म्हणाल्या.