सिस्टरचा आमदार

गावातली निम्मी पोरं सिस्टरच्या हातून जगात आली आणि आमदारही तिनेच जन्माला घातला, असं लोक गमतीने म्हणत. गंमत कसली, खरंच होतं ते. धाकटा भाऊ निवडणुकीला उभा राहिला तेव्हा त्याला ओळखत होतं कोण? नुकती वकिलीची पदवी घेतलेला, भाषणाला उभं केलं की पाण्याचा ग्लास शोधणारा पोरगा. ओळखत होते ते सिस्टरला. सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात तिने ऐन उमेदीची वर्षं काढली होती. कुणी लग्नाचं विचारलं तर म्हणायची, "माझ्याकडे रोज दोन-तीन पोरं होतात, आणखी काय हवंय?"

तोच वॉर्ड बंद पडला होता. डॉक्टर, टेबलं, अशक्त बाळांना उबेत ठेवायची पेटी, सगळं उचलून आरोग्यमंत्र्यांच्या गावी नेलं होतं. म्हणे तात्पुरतं. तेव्हापासून सिस्टर बाहेरच्या खोलीत इंजेक्शनं टोचत बसायची आणि कळा लागलेल्या बायका भाड्याच्या जीपमधून खड्डे मोजत दुसऱ्या गावी जायच्या. पोचायच्या त्या पोचायच्या.

भावाने लोकांना एकच गोष्ट कबूल केली होती: वॉर्ड परत आणीन. सरकारी नोकरीत प्रचार करता येत नाही, म्हणून सिस्टरने प्रचार केलाच नाही. ती आपली घरोघरी पोरांची वजनं विचारायला जायची आणि निघता निघता दारातून म्हणायची, "तो माझा भाऊ आहे. शब्द त्याचा, जबाबदारी माझी."

तो निवडून आला. सभागृहातला सगळ्यात तरुण आमदार म्हणून पेपरांत फोटो आले, नवी जाकिटं शिवून झाली, सिस्टरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग हळूहळू त्याचे फोन कमी झाले. आरोग्यमंत्र्यांनी खांद्यावर हात ठेवलेला मोठा फोटो त्याच्या ऑफिसात लागला तेव्हा मात्र तिच्या कपाळाला आठी पडली.

"अगं ताई, आपल्याच पक्षाचे आहेत ते. गोड बोलूनच कामं होतात," तो म्हणाला.

तिने मान डोलावली. भाऊ होता ना!

सभागृहात प्रश्न विचारायचा तर चिठ्ठ्यांत नंबर लागावा लागतो. दोन वर्षं लागला नाही. या अधिवेशनात लागला, तोही पहिलाच. म्हणजे मंत्र्याला सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागणार, वॉर्ड कुठे नेला आणि का. फक्त अध्यक्षांनी नाव पुकारलं की विचारणारा आपल्या जागेवर हवा. नसला तर पुढचा प्रश्न घेतात, आणि हा गेला तो गेलाच.

सिस्टरने रजा टाकली. बरोबर शिंपीणमावशीला घेतलं. मावशीच्या सुनेला सातवा लागला होता आणि पहिलं मूल जीपमध्येच गेलं होतं.

सकाळी कँटीनमध्ये त्याने दोघींना चहा पाजला, पास हातात दिले. "पहिल्या रांगेत बसा, तिथून मी नीट दिसेन," म्हणाला. चहा मात्र त्याने अर्धाच प्यायला. सिस्टरला वाटलं, घाबरलंय पोरगं.

वरच्या सज्ज्यात बोलायचं नाही, टाळी वाजवायची नाही, पुढे वाकायचं नाही. सगळे नियम पाळून दोघी बसल्या. खाली मंत्री चष्मा पुसत होते. अध्यक्षांनी नाव पुकारलं. खुर्ची रिकामी. पुन्हा पुकारलं. सिस्टरची नजर भिरभिरली आणि मागच्या काचेच्या दारावर थांबली. दाराआड तो उभा होता. भिंतीला टेकून, मान खाली घालून, हातात फोनसुद्धा नाही. नाव ऐकत होता.

"अरे, तो काय तिथे..." ती अर्धी उठली. शिपायाने तोंडावर बोट ठेवलं. तोवर अध्यक्ष पुढच्या प्रश्नावर गेले होते, कुठल्याशा पुलाच्या. मंत्र्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

ती तडक त्याच्या खोलीत गेली. मावशीला बाहेर बाकावर बसवलं.

"कोणी थांबवलं तुला? मंत्र्यांनी? धमकी दिली का?" विचारताना तिला मनातून वाटत होतं, हो म्हण रे. घाबरलो म्हण. घाबरलेल्या पोराला तिने कधी टाकलं नव्हतं.

"कोणी काही बोललं नाही, ताई."

"मग?"

"न सांगता केलेलं लक्षात राहतं त्यांच्या. पुढच्या महिन्यात मंत्रिमंडळाचा विस्तार आहे." मग आवाज उतरवून म्हणाला, "गावात सांग ना, ऐन वेळी मला चक्कर आली म्हणून. तुझं ऐकतात सगळे."

पुढच्या महिन्यात तो राज्यमंत्री झालाही. पण त्या घटकेला सिस्टरसमोर उभा होता तो केसाने गळा कापून वर त्याच गळ्यातून खोटं वदवू पाहणारा सख्खा भाऊ. त्याच्या कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं. हात उचललाच गेला नाही. ती बाहेर आली.

मावशी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "सिस्टर, साहेबांची तब्येत बरी नाही का?"

किती सोपं होतं! हो म्हटलं की झालं. घर राहिलं असतं, भाऊ राहिला असता, गावात मान वर राहिली असती.

"ठणठणीत आहे तो," सिस्टर म्हणाली. "दाराआड उभा होता. नाव ऐकलं आणि आत आला नाही."

मावशीने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"दिसले मला. तुमच्या आधीच दिसले," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्ही काय सांगताय ते बघावं."

मग तिने सरकून बाकावर जागा केली. सिस्टर बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका गरोदर बाईच्या घरच्या माणसापुढे ओक्साबोक्शी रडली.