न गाळलेला डबा
हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. पेट्रोलचा वास आला की मला सांगलीबाहेरचं ते गवताळ मैदान दिसतं. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि मी व माझ्या एका मित्रानं हौसेखातर लष्करानं मोडीत काढलेलं छोटं विमान भागीत घेतलं होतं. पेट्रोल पत्र्याच्या डब्यांतून यायचं. त्यात हमखास पाणी असायचं, म्हणून टाकीत ओतताना ते मऊ कातड्यातून गाळून घ्यायचा आमचा नेम होता. त्याला फार वेळ लागे. त्या दुपारी वारा अगदी पडला होता, पश्चिमेला आभाळ काळवंडत होतं, आणि मित्राला वडूजला आपल्या घरावरून घिरटी घालून उजेडात परतायचं होतं. चढता चढता त्यानं विचारलं, "समदं गाळलंस न्हवं रं?" मी म्हणालो, "व्हय, कवाच." शेवटचा डबा मी तसाच ओतला होता. "मग आईला इमान दावून येतो. तू बस हितं ढेकळं मोजत," म्हणून तो हसला. विमान उसावरून वर चढलं, आवाज बारीक होत गेला, दोनदा अडखळला आणि थांबला. उसाचं पानसुद्धा हलत नव्हतं. विमान उसात कोसळलं. मित्र वाचला, पण डावा पाय गुडघ्यापासून गेला. अजूनही घरी आला की कुबडी भिंतीला टेकवून म्हणतो, "माझाच हात चुकला बग, गड्या." मी चहाचा कप त्याच्यापुढं सरकवतो. तो डबा मी गाळला नव्हता, एवढं त्याला सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.