वीजदराची सुनावणी

विजेचे दर यापुढे मंत्री नाही, स्वतंत्र आयोग ठरवणार, याचा सदाशिव पेठेत सगळ्यात जास्त आनंद आमच्या वडिलांना झाला. "आता पुढाऱ्यांची लुडबूड बंद," ते म्हणाले. माझी आयटीतली नोकरी तेव्हा नवी होती, तरी त्यांनी मला रजा काढायला लावली आणि दरवाढीविरुद्धची हरकत सहा प्रतींत टाइप करून घेतली. ती वाया गेलेली रजा मला अजून डाचते.

सुनावणीला आमचे नगरसेवकही आले होते. नंबर लागला की बोला, असं त्यांनाही सांगण्यात आलं. त्यांच्या आधीचा नंबर वडिलांचा होता, त्यामुळे वडील मुद्दाम सावकाश बोलले. आयोगाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि महिन्याभरात दर वाढवले.

वडिलांनी आयोगाला तीन पत्रं लिहिली. पोच आली, उत्तर आलं नाही. मग एका सकाळी त्यांनी फिरायला निघालेल्या नगरसेवकांना कोपऱ्यावर गाठलं आणि वीजदरावरून पाऊण तास झापलं.

"अहो काका, आयोगावर माझं काही चालत नाही," ते काकुळतीला येऊन म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे," वडील म्हणाले. "पण तुम्ही सापडता."