कुतुबभाईंचा हेडर

पेन्सिल ब्लेडने तासायची आणि टोक हनुवटीला टोचून बघायचं. चहा बशीत निववायचा आणि पुन्हा कपात ओतून प्यायचा. चालताना भिंतीवरच्या नळांना बोटाने टिचकी मारायची. कुणी दुसऱ्याचं कौतुक केलं, की चष्मा काढून पुसायचा. सयाजी पवारचं केलं, तर दोनदा पुसायचा.

असे होते कुतुबुद्दीन शिकलगार. मूळचे साताऱ्याचे, माधवनगरजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन. सांगलीत आम्ही एका खोलीत राहायचो. मी मेढ्याचा, मराठी घेऊन बी.ए. झालेला, नोकरी शोधणारा. ते वयाने बरेच मोठे, पण मैत्री बरोबरीची. मागच्या रविवारी ते गेले. मला अजून खरं वाटत नाही.

त्यांचं काम त्यांनीच मला समजावलं होतं. बंद टाकीत दाब फार वाढला, तर ती फुटू नये म्हणून तिच्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की वाफ सुटते, आणि ही वाफ पेट घेणारी. ती तिथेच सोडता येत नाही. म्हणून सगळे व्हॉल्व्ह एका जाड नळाला जोडतात. तो हेडर. आवाराच्या टोकाला उंच चिमणी असते, तिथे तो वाफ नेतो आणि ती वर जळून जाते. नव्या विभागात अशा तीन टाक्या होत्या; त्यांचा हेडर किती रुंद घ्यायचा, हे कुतुबभाईंनी ठरवायचं होतं. त्यांनी सहा इंच धरला.

मग सयाजी आला. कुंडलचा, फौजेच्या वर्कशॉपमधून सुटलेला, कुतुबभाईंहून लहान आणि आल्या आल्या त्यांच्या वरचा. नकाशा बघून तो सगळ्यांदेखत म्हणाला, "कुतुबभाई, तुमी एका वेळी एकच व्हॉल्व्ह उघडंल असं धरलंय. खाली आग लागली तर तिन्ही टाक्या संगच तापणार. आमच्या कुंडलला कुस्त्यांचं मैदान सुटतं, तवा समदी एकदमच उठत्यात. एकेक करून कोन जातंय व्हय?"

सगळे हसले. साहेबांनी आठ इंच करायला सांगितलं.

त्या दिवशी कुतुबभाई जेवले नाहीत.

"त्याचं बरोबर आहे का?" मी विचारलं.

"बरोबर आहे म्हणून तर घास उतरत नाही."

पुढे खोलीत दुसरा विषय उरला नाही. सयाजीचे बूट. सयाजीचं इंग्रजी. सयाजीला मिळालेली हातांची खुर्ची. माझ्याबद्दल आजवर कुणी इतका विचार केलेला नाही. मला सयाजीचा हेवा वाटायचा.

मग कुंडलचं मैदान भरलं. कुतुबभाई म्हणाले, "चल."

"कुस्त्या बघायला?"

"कुस्त्या कोण बघतंय? माणसं बाहेर कशी पडतात ते बघायचंय. सयाजी कुठंतरी चुकला असणार."

आम्ही वाटेकडे तोंड करून, आखाड्याकडे पाठ करून बसलो. मागून एक म्हातारा ओरडला, "आवं पाव्हनं, कुस्ती हिकडं हाय!"

मैदान सुटलं. वाट तोंडाशी चांगली रुंद होती. लोक आत शिरले आणि थांबले. पुढे लांब वळणावर गर्दी तुंबली होती, आणि तिथला रेटा मागे येत तोंडापर्यंत पोचला. तोंडाशी उभ्या माणसापुढे रुंद वाट होती, पण पाऊल उचलता येत नव्हतं.

कुतुबभाईंनी माझा दंड घट्ट धरला. "सयाजीनं नुसतं तोंड मोजलं! चिमणी किती लांब. मधे वळणं. नळात उलटा दाब राहिला, तर व्हॉल्व्ह उघडूनही वाफ पुरती सुटणार नाही. आठ पुरत नाही, गड्या!" इतके आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

हिशेब करून त्यांनी दहा इंच काढला. आठ इंची नळ आवारात येऊन पडले होते. सोमवारी ते चढवायला घेणार होते.

"आजच सांगून टाका," मी म्हणालो.

"तोंडी? तोंडी सांगितलं की ते सयाजीचंच झालं. पक्क्या शाईत काढून सगळ्यांदेखत टेबलावर ठेवणार. सोमवारी सकाळी."

रविवारी दुपारी खोलीतल्या नकाशाच्या बोर्डावर वाकलेले असताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं.

साताऱ्यात माती द्यायला सयाजीही आला. तिथेच मी त्याला दहा इंचाचं सांगितलं. त्याने खिशातून कागद काढला, काही आकडे मांडले आणि पुन्हा एकदा तपासून पाहिले. मग म्हणाला, "नळ चढवू देत न्हाई मी." थोड्या वेळाने म्हणाला, "लय जळायचे माझ्यावर. आता माझं काम एवढं बारकाईनं कोन बघंल?"

नकाशा न्यायला तो माझ्याबरोबर खोलीवर आला. कागद बोर्डावर तसाच होता. कोपऱ्यातल्या चौकटीत कुतुबभाईंची सही होती, ठसठशीत, पक्क्या शाईत. ती त्यांनी आधीच करून ठेवली होती. हेडर शाईने तिसऱ्या वळणापर्यंत आला होता. तिथून चिमणीपर्यंत नुसती पेन्सिल होती.