गेरूची पळी

त्या गावात मला माझ्या नावाने कधी कुणी हाक मारली नाही. पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून खाली आलो की पोरंटोरं बोंबलायची, मलेरिया आला, मलेरिया आला. सुरुवातीला डोकं फिरायचं. मी काय रोग आहे? पण कोकणात टोपणनाव एकदा चिकटलं की बदलीचा हुकूम आला तरच सुटतं, तेव्हा मीही नाद सोडला.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली. मी मलेरिया खात्यात होतो, गुहागरच्या उत्तरेला खाडीकाठच्या एका गावात. दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, वहीत नाव लिहायचं, गोळ्या द्यायच्या. निघताना दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने उमटवलेल्या चौकोनात तारीख घालून सही करायची. मी खरंच फिरलो की घरी बसून वही भरली, हे साहेबाला कळावं म्हणून तो चौकोन.

आता आमच्या लोकांची गंमत सांगतो. भिंतीवर सरकारी काही लिहिलेलं असलं की त्याला कुणी हात लावत नसे. जनगणनेचा आकडा, देवीची लस टोचणाऱ्यांची जुनी खूण, फवारणीवाल्यांची तारीख, माझा चौकोन. गणपतीला, ईदेला, लग्नाला लोक घर चुन्याने पांढरंशुभ्र करायचे, पण तेवढी जागा सोडून, कड अगदी रेघेत धरून. पुसलं तर दंड होईल, रॉकेल बंद होईल, काय वाट्टेल ते त्यांच्या मनात असायचं. मला मात्र त्याचा मोठा अभिमान. चुन्यातून डोकावणारा माझा चौकोन दिसला की मी उगाचच ताठ चालायचो.

त्यात मोहल्ल्यातल्या चाचीचं घर म्हणजे कहर. मोहल्ला म्हणजे खाडीच्या अंगाची मुसलमानांची वस्ती. बहुतेक घरांतले कर्ते पुरुष बोटीवर नाहीतर आखातात, घरी बायका, म्हातारे आणि मुलं. चाची साठीच्या पुढची, विधवा. मुलगा बोटीवर, घरात सून आणि सहा वर्षांची नात. मी गेलो की ओटीवर पाट टाकायची, कोरा चहा द्यायची, आणि सगळ्या मोहल्ल्यात कुणाला ताप आहे, कुणाला खोकला आहे, ते एका दमात सांगायची. तिच्या शब्दावर दारं उघडायची. ती नसती तर त्या वस्तीत मला कुणी उभं केलं नसतं.

पहिली पळी मी तिच्याच भिंतीवर पाहिली. माझ्या चौकोनाखाली चार बोटांवर गेरूचाच एक गोल आणि त्याला लटकलेली उभी रेघ, आमटीची पळी उलटी टांगावी तशी. मला वाटलं फवारणीवाल्यांनी काढली. पुढच्या आठवड्यात ते भेटले, तर त्यांना वाटलं होतं माझी. आरोग्य केंद्रातले साहेब म्हणाले, कुटुंब नियोजनाची असेल. नर्सबाई म्हणाल्या, रेशनवाल्यांची. प्रत्येकाच्या मते ती दुसऱ्या खात्याची होती, म्हणून कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. आणि दर फेरीला दोन-चार घरांवर नवी दिसत होती.

काढणारा मात्र कधीच कुणाला दिसला नाही. एकदा वैशाखातल्या भर दुपारी मी मोहल्ल्यातून परत येत होतो. दारं लोटलेली, कोंबड्यासुद्धा सावलीला गेलेल्या, खाडीकडून वाऱ्याची झुळूक नाही. तासाभरापूर्वी ज्या भिंतीवर मी तारीख घातली होती, तिथे आता पळी होती. सहज बोट लावलं तर बोट लाल झालं. ओली होती. मी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. गल्ली सरळसोट आणि रिकामी. बोट पँटीला पुसलं आणि भराभर चालू लागलो. तो गेरू नखात दोन दिवस राहिला.

मग मी वहीत खुणा करायला लागलो. ज्या घरावर पळी, त्या नावापुढे पेन्सिलीने टिंब. महिनाअखेरीस आरोग्य केंद्रात बसून पानं उलटली. टिंबं अठरा. मोहल्ल्याच्या मधोमध एका हिंदू भंडाऱ्याचं घर होतं, त्याला टिंब नाही. वरच्या वाडीत, सगळ्या हिंदू घरांत, एक मुसलमान शिंपी जेमतेम तीन महिन्यांपूर्वी भाड्याने आला होता, त्याला टिंब आहे. खोटं कशाला सांगू, वही तिथेच मिटून टाकावीशी वाटली.

पण एक टिंब शाळेतल्या मास्तरांच्या घरापुढे होतं. मास्तर घाटावरचे, हिंदू. त्यांची बायको रोज दारात रांगोळी घालायची आणि बरोबर तिच्या वरच्या भिंतीवर पळी. मी हुश्श केलं. म्हटलं, मीही काय वेड्यासारखा भलतंच डोक्यात घेऊन बसलो. मास्तरांच्या घरावर आहे म्हणजे ही तसली भानगड नव्हे. वही मिटता मिटता त्या टिंबासमोरचं नाव वाचलं. ते मास्तरांचं नव्हतं. घर मूळचं एका मुसलमान खलाशाचं. तो आखातात गेला, मास्तर राहायला आले, आणि वहीतलं नाव बदलायचा मी वर्षभर कंटाळा केला होता. त्या घरात मास्तर राहतात हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. तिथे मुसलमान राहतो असं जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, माझ्या अक्षरात.

वही मी एकदाच दुसऱ्याच्या हातात दिली होती. एसटीच्या थांब्याजवळ एका नव्या तरुण मंडळाची खोली होती आणि मुंबईहून आलेला एकजण तिथे पोरांना व्यायाम शिकवायचा. पांढरे स्वच्छ कपडे, जिभेवर साखर. मंडळाची पूजा आहे, सगळ्या गावाला आमंत्रण द्यायचंय, एकही घर सुटायला नको, असं म्हणून त्याने एका दुपारी वही मागून घेतली. संध्याकाळी परत केली तीही नवं कव्हर घालून. मला केवढं कौतुक वाटलं होतं त्या कव्हराचं.

तसाच उठून मंडळाच्या खोलीवर गेलो. दाराबाहेर फळा होता, त्यावर रोज एक सुविचार असायचा. सुविचाराखाली आठवडाभर एक ओळ होती, मीही येता-जाता वाचलेली: पाव्हणे अठरा, निरोपाचा दिवस लवकरच. गावाला वाटायचं पूजेच्या जेवणाचं काहीतरी असेल. हल्ली टपरीवर पोरं एकमेकांना विचारायची, पाव्हणे अजून किती दिवस राहणार रे, आणि हसायची. एकदा मीही त्यांच्याबरोबर हसलो होतो, काही न कळता. फळ्याच्या कोपऱ्यात खडूची बारीकशी पळी होती, नक्षी काढावी तशी. तीही रोज तिथे असणार. मी कधी पाहिली नव्हती.

आत जाऊन विचारलं, ही खूण कसली? आवाज चढलाच माझा. तो मुळीच चिडला नाही. बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"तुमचं अक्षर फार सुंदर आहे, भाऊ," तो म्हणाला. "वाचायला काही त्रास झाला नाही."

त्यापुढे मी त्याला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. पोरं भिंतीला टेकून उभी होती. त्यातल्या निम्म्यांच्या बोटांना मी कधी ना कधी सुई टोचलेली. एकानेही माझ्याकडे बघितलं नाही.

पोलिसांत जायचं हे तिथेच ठरवलं, ते सोपं होतं. चाचीला सांगणं जड होतं. खूण कुणी काढली एवढंच सांगून भागलं असतं. यादी कुठून गेली हे कुणी विचारलंही नसतं. दोन दिवस मी तेच घोकत राहिलो, जेवण गोड लागेना, बायकोवर उगाच खेकसत होतो.

तिसऱ्या दिवशी गेलो तर चाची घर पांढरं करत होती. मुलगा सुट्टीवर येणार होता. भिंत उन्हात डोळे दिपतील अशी, आणि मधे दोन जागा सोडलेल्या, माझा चौकोन आणि खाली पळी. पळीच्या गोलाभोवतीची कड तिने काडीने धरली होती. चुन्याचा एक थेंब आत जाऊ दिला नव्हता.

"बघा मलेरिया," ती म्हणाली, "तुमच्या दोन्ही खुणा सांभाळल्यात."

मला रडूच आलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वही दिली तेही. शेवटी तिने एवढंच विचारलं की अठराही नावं मीच लिहिलेली ना. मी हो म्हटलं. तिने कुंचला चुन्यात बुडवला आणि पळीवरून फिरवला. मग माझ्या चौकोनावरूनही फिरवला. खालचा गेरू वर यायला लागला तसा पुन्हा फिरवला.

पुढचं रीतसर झालं. मोहल्ल्यातले म्हातारे, सरपंच आणि मी पोलिसांकडे गेलो. चार शिपाई आठवडाभर थांब्यावर बसून राहिले, मुंबईचा पाहुणा एका सकाळच्या गाडीने निघून गेला, खोलीला कुलूप लागलं. एक दगडसुद्धा पडला नाही. गाव म्हणालं, चला, मिटलं एकदाचं.

पुढच्या फेरीला मी मोहल्ल्यात गेलो. पाऊस लागला होता, वरच्या वाडीत घरटी एकजण तापाने झोपलेला. इथे दार उघडायचं ते चार बोटं, आणि फटीतून अदबीने उत्तर यायचं, आमच्यात कुणाला ताप नाय. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. एका घरात आतल्या खोलीत कुणीतरी कुडकुडत होतं, दातावर दात आपटल्याचं मला दारात ऐकू येत होतं, आणि बाई माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हणत होती. मी खूप घाबरलो. ही माणसं अशीच आत कण्हत राहणार आणि माझ्या वहीत सगळे ठणठणीत दिसणार.

चाचीने दार पुरतं उघडलं. पाट टाकला नाही. ओटीच्या कोपऱ्यात गोधडीखाली नात पडलेली, डोळे लालभडक, ओठ सुकलेले. तिसरा दिवस, सून आतून म्हणाली. मी पिशवी उघडली, काचपट्टी काढली, सुई स्पिरिटने पुसली, वही मांडीवर घेतली. आधी नाव लिहायचं, मग रक्त, अशी आमची रीत. चाचीने पोरीचा हात आपल्या मुठीत घट्ट धरला.

"रक्त घ्या," ती म्हणाली. "नाव लिवायचं नाय."

मी समजावलं. बिननावाची पट्टी कुणी तपासत नाही, पुढच्या गोळ्या मिळायच्या नाहीत, ताप डोक्यात गेला तर पोर हातची जाईल. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग तुमच्या लेकीचं लिवा."

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. वर बिऱ्हाडात खेळत असेल. साधी गोष्ट होती, तिचं नाव, वय, घर. मी रकान्यात पेन्सिल टेकवली आणि हात पुढे सरकेना. ही वही कुठे कुठे पडून असते आणि कोण कोण ती उघडतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पोरगी कण्हत होती आणि मी पेन्सिल धरून बसलो होतो. चाची माझ्या हाताकडे बघत होती. माझ्या लेकीचं नाव पुरतं लिहून होईपर्यंत तिने नातीची मूठ सोडली नाही.